जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले ६४ अंक: डोंगल न फोडता मजकूर बाहेर कसा काढायचा?

पूर्वभाग_वाचनालय

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचनालयाचं त्रैमासिक १९९८ ते २०१३ अशी १६ वर्षं निघत होतं. एकूण ६४ अंक. यंत्रमाग, चादरीतलं जेकार्डचं काम, विडी कामगार, गड्ड्याची जत्रा यांवरचे लेख, आणि दर अंकात दोन-चार पानं तेलुगू. सगळी जुळणी पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, फॉन्ट युनिकोडच्या (दर अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) आधीचा.

ज्या प्रेसमध्ये हे होत होतं ती बंद झाली आणि संगणक वाचनालयाकडे आला. विंडोज एक्सपी, ८० जीबीची आयडीई (जुन्या रुंद केबलची) डिस्क, मागे २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय टायपिंगचं सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली. मशीन आता चालू झालं तर झालं. नव्या संगणकाला तो पोर्टच नाही. यूएसबीची कन्व्हर्टर केबल लावली तर टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगल ओळखत नाही. एक जण सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली, कॉपी द्यायला तयार आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. डोंगलशिवाय मजकूर निघेल का? क्रॅक वापरली तर कायद्यात कुठे बसते? आणि जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकलं की 'वार्षिक'चं 'वाषिर्क' का होतं?

खिळे_ते_कळफलक

डोंगलचं कुलूप टायपिंगच्या सॉफ्टवेअरला आहे, तुमच्या फाइलींना नाही. फाइल पेजमेकरची आहे आणि तिच्यात अक्षरांचे क्रमांक उघडे पडलेत. फॉन्ट म्हणजे त्या क्रमांकांवर चढवलेली चित्रं. तेव्हा क्रॅक घेऊच नका, तिची गरज नाही. केबलचं म्हणाल तर त्या यूएसबी केबलला फक्त प्रिंटरशी बोलता येतं. डोंगलला खरा पोर्ट लागतो, म्हणून ते गप्प बसतं.

सगळ्यात आधी ते मशीन बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. डिस्क काढा. साडेतीन इंची आयडीई डिस्कला १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे स्वतःचा वीजपुरवठा असलेलाच यूएसबी अडॅप्टर घ्या आणि डिस्कचा जंपर मास्टरवर ठेवा. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवून पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा. हे साधन आधी चांगला भाग वाचून घेतं आणि खराब सेक्टरकडे शेवटी वळतं. साधं कॉपी-पेस्ट करत बसलात तर एकाच खराब फाइलवर डिस्क घासत राहते. इमेजच्या दोन प्रती करा, एक वाचनालयाबाहेर ठेवा.

आता फाइली उघडायच्या. पेजमेकर ६.५ ची मूळ परवान्याची सीडी असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) एक्सपी टाकून पेजमेकर चालवा, हे सर्वांत बरं. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि पुढच्या फाइली घेतात, त्यानंतरच्या घेत नाहीत. दोन्ही नसेल तर लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडतं, फक्त मजकूर तुकड्यातुकड्यांत मिळतो. स्क्रीनवर कचरा दिसेल. दिसू द्या.

पेजमेकरमध्ये मजकुरात कर्सर ठेवून एक्सपोर्ट करा आणि आरटीएफ निवडा. साधी टेक्स्ट फाइल नको. आरटीएफमध्ये कुठला शब्द कुठल्या फॉन्टचा ही नोंद टिकते. ती गेली की मधले इंग्रजी शब्द आणि फोन नंबरसुद्धा कन्व्हर्टर देवनागरी समजून भरडून काढतो. लिब्रेऑफिसच्या 'शोधा आणि बदला'मध्ये फॉन्टच्या नावावरून इंग्रजी तुकडे निवडता येतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना ▓ सारखी खूण घाला. कंस, पूर्णविराम, अवतरण असलं काही खूण म्हणून वापरू नका, जुन्या फॉन्टमध्ये त्यांच्याही जागी अक्षरं बसवलेली असतात.

म्हणूनच ऑटोकरेक्ट पूर्ण बंद ठेवा. कृतीदेव या जुन्या देवनागरी फॉन्टचं उदाहरण घेतो. त्यात सरळ दुहेरी अवतरण म्हणजे अर्धा ष, सरळ एकेरी अवतरण म्हणजे अर्धा श. वर्ड प्रोसेसरने ती गोल केली की ष आणि श गेले. वाक्याचं पहिलं अक्षर त्याने मोठं केलं तर छोट्या 'डी'चा मोठा 'डी' होतो, म्हणजे पूर्ण क चा अर्धा क्. माणूस मग कन्व्हर्टरला दोष देत बसतो.

'वाषिर्क'चं कारण क्रमात आहे. टाइपरायटरच्या पद्धतीत अक्षरं दिसतील तशी टाइप होतात: व, काना, पहिली वेलांटी, अर्धा ष, त्याची दांडी, रफार, क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी ष च्या नंतर जायला हवी आणि रफार ष च्या आधी यायला हवा. कच्चा कन्व्हर्टर वेलांटी हलवतो आणि रफार आहे तिथेच सोडतो. 'आथिर्क', 'धामिर्क' सगळे याच घाण्यातले.

हे नंतर 'शोधा आणि बदला'ने सरसकट दुरुस्त करायला जाऊ नका. 'िर्' हा तुकडा निर्णय, मिर्ची, शिर्डी यांत बरोबरच असतो. एक चूक काढताना दहा घालाल. दुरुस्ती रूपांतराच्या आधी, जुन्या क्रमांकांवरच करायची: वेलांटी + पूर्ण व्यंजनगट + रफार असा नमुना सापडला की रफार, व्यंजनगट, वेलांटी असा लावायचा. त्यानंतर कुठल्या जुन्या क्रमांकाचं कुठलं युनिकोड अक्षर हा तक्ता चालवायचा, आणि तक्त्यात लांब जोड आधी, सुटी अक्षरं शेवटी. ष म्हणजे 'अर्धा ष + दांडी' ही ओळ नुसत्या दांडीच्या वर हवी, नाहीतर प्रत्येक ष चा 'ष्ा' होतो.

तुमच्या फॉन्टचा तक्ता मिळत नसेल तर फॉन्टची फाइल फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. कुठल्या क्रमांकावर कुठलं चित्र ते समोर दिसतं. आठ बिटांच्या फॉन्टमध्ये वापरण्याजोग्या जागा जास्तीत जास्त २२४, एका दिवसाचं काम आहे.

कलम_बघून_बोला

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. प्रताधिकार कायदा १९५७, कलम ६३ब: बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. वाचनालयाने यात का पडावं?

याउलट, कायदेशीर हाती असलेला प्रोग्राम कसा चालतो याचं निरीक्षण आणि अभ्यास करायला कलम ५२ मुभा देतं. दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती काढायलाही देतं. फॉन्टवाल्याचा हक्क त्याच्या सॉफ्टवेअरवर. त्यातून टाइप केलेल्या लेखाच्या एका शब्दावरही नाही.

पण हेही वाचा. बाहेरच्या लेखकांनी पाठवलेले लेख, वेगळा लेखी करार नसेल तर, त्या लेखकांचे आहेत. प्रताधिकार त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. छापील अंक वाचनालयाकडे असतील तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला ५२(१)(एन) खाली परवानगी आहे. इंटरनेटवर सगळ्यांसाठी चढवायचं असेल तर लेखकांची किंवा वारसांची लेखी संमती घ्या. ६४ अंकांच्या लेखकांची यादी आजच करायला घ्या, रूपांतरापेक्षा याला जास्त वेळ लागेल.

पूर्वभाग_वाचनालय

क्रॅक बाद. छापील ६४ पैकी ६१ अंक कपाटात आहेत. एक अंक लिब्रेऑफिसमधून काढून पाहिला, मजकूर निघतोय. मथळे मात्र बऱ्याच ठिकाणी येतच नाहीत. आणि तेलुगू पानांचं काय?

आचारी_की_आचार्य

मथळे कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र बनवून, चिकटवलेले असणार. त्यात अक्षरं उरलेली नसतात, नुसती रेघ. ते हातानेच टाइप करायचे.

रूपांतर झाल्यावर मराठीच्या तीन जागा जरूर तपासा, कारण बाजारातले बरेच तक्ते हिंदीसाठी बनवलेले असतात.

पहिली, अर्धचंद्री र. 'आचार्यांना बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना बोलावलं' यात गुरुजी आणि स्वयंपाकी इतका फरक आहे. 'दर्या' समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. हिंदी तक्ता दोन्हींना साधा रफार देतो. शिवाय हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला सारखेच, पण शोधताना एक टाइप केलं तर दुसरं सापडत नाही. सगळीकडे ऱ ठेवा. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक) तो शिफ्ट आणि 'जे'वर आहे.

दुसरी, ॲ. जुन्या मजकुरातून ऍ किंवा 'अ' वर चंद्र असे दोन तुकडे येतात. मराठीचा एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. सगळं त्यात बदला, हे सरसकट केलं तरी चालतं.

तिसरी, विसर्ग. 'दुःख', 'स्वतः' यांत टाइप करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी अपूर्णविराम मारलेला असतो. शब्दाच्या मधला अपूर्णविराम बेधडक विसर्ग करा, शेवटचा बघून करा.

मुद्रितशोधनासाठी सगळे अंक एकत्र करून वेगवेगळ्या शब्दांची वारंवारतेनुसार यादी काढा. वरचे पाचशे शब्द आधी वाचा. तक्त्यातली एक ओळ चुकली असेल तर ती इथेच दिसते, आणि दुरुस्त केली की सगळ्या अंकांत एकदम सुधारते. नंतर फक्त एकदाच आलेले शब्द वाचा.

तेलुगूसाठी हा तक्ता उपयोगाचा नाही. तिथे जुन्या फॉन्टमध्ये एकेक अक्षर तीन-चार तुकड्यांचं असतं, तलकट्टू (अक्षराच्या डोक्यावरची खूण) वेगळा, खाली जोडलेल्या व्यंजनाचा वत्तू वेगळा. दोन-चार पानांसाठी त्यात शिरू नका. छापील पानं ३०० डीपीआयला ग्रेस्केल स्कॅन करा, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट सॉफ्टवेअरला तेलुगूची भाषा-फाइल द्या आणि तेलुगू येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. डिस्कवर न सापडलेले मराठी अंकही असेच निघतील.

पुढचं काम इनस्क्रिप्टवरच टाइप करा असं माझं ठाम मत आहे. सोलापुरात तर त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. 'के' दाबला की मराठीत क, तेलुगूत క, कन्नडमध्ये ಕ, आणि तिन्हींत पुढे 'एफ' दाबला की ऱ्हस्व इकार. एकदा बोटं बसली की तिन्ही भाषांची पानं एकाच टेबलावर होतात. फॉन्ट म्हणून मुक्त परवान्यातले मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका घ्या. इनडिझाइन वापरणार असाल तर परिच्छेदाच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांट्या सुटतात आणि दोष पुन्हा युनिकोडवर जातो. कोरलची एक्स६ च्या आधीची आवृत्ती असलेल्या प्रेसला फाइल देऊ नका, पीडीएफ द्या, फॉन्ट आत बसवून.

आणि ते तीन अंक जे कपाटात नाहीत, ते डिस्कच्या इमेजमध्ये आज रात्रीच शोधा. बाकीच्यांची छापील प्रत तरी आहे.