पोलिसांचं कॉम्प्युटरायझेशन: आधी रजिस्टर बंद करा, मग सॉफ्टवेअर आणा

घाटावरचा:
परवा मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं, मग रजिस्टरला चढवलं, मग आतल्या खोलीतल्या मॅडम तेच परत टाइप करत बसल्या, पाऊण तास गेला. २००९ साली २००० कोटी मंजूर करून सीसीटीएनएस नावाची कॉम्प्युटर यंत्रणा आणली, देशभरातली ठाणी एकमेकांना जोडायला, आणि इथे कामं तिप्पट! माझं म्हणणं एवढंच, कुठलं रजिस्टर कुठल्या तारखेला बंद होणार ते प्लॅनमध्ये आधी लिहा, मगच नवा कॉम्प्युटर द्या.

जुना_रायटर:
बोलायला काय जातंय. मी १९ वर्षं रायटरकी, म्हणजे ठाण्यातलं लिखापढीचं काम, केलीय. रात्री दोनला लाइन गेली, सर्व्हर बंद, आणि दारात डोकं फुटलेला माणूस उभा, त्याला काय सकाळी या म्हणू? रजिस्टर हँग होत नाही साहेब.

नागपुरी_टेस्टर:
रायटर काकांशी सहमत, पण कारण वेगळं. अमेरिकेत एफबीआयनं व्हर्च्युअल केस फाइल नावाचं सॉफ्टवेअर करायला घेतलेलं, एका झटक्यात जुनं बंद नवं चालू असा बेत, त्यात मागण्या रोज बदलत्या. २००५ ला गुंडाळलं, साधारण १७ कोटी डॉलर पाण्यात. मग त्याच्या जागी सेंटिनल नावाचं दुसरं काढलं, तेही रखडलं, शेवटी २०१० ला कंत्राटदाराचा भार कमी करून स्वतःची छोटी टीम बसवली, थोडं थोडं करत २०१२ ला चालू झालं. म्हणजे तारीख टाकून बंद करा हीच तर चूक होती भाऊ.

घाटावरचा:
अहो पण शेवटी त्यांचे कागद सुटलेच ना? आपल्याकडे जुनं काही सुटतच नाही, नुसती भर. १ जुलै २०२४ पासून झडतीचं शूटिंग करा म्हणून कायदा आला, तेही पंचनामा हाताने लिहून वर.

जुना_रायटर:
ते मात्र खरंय. भाचा खात्यात आहे, शूटिंग स्वतःच्या मोबाईलवर, नेटपॅकही स्वतःचा, आणि ऐन घरझडतीत फोनची मेमरी फुल. हा खर्च कुणाच्या प्लॅनमध्ये धरलाय?

नागपुरी_टेस्टर:
मग काका तुम्हीच सांगा, एकच रजिस्टर बंद करायचं तर कुठलं?

जुना_रायटर:
बारनिशी, म्हणजे टपालाचं आवक-जावक रजिस्टर. नंबर दोन तास उशिरा पडला तर कुणाचं डोकं फुटत नाही. मुद्देमाल रजिस्टरला मात्र हात लावू देणार नाही.

घाटावरचा:
चला, इतक्या वर्षांत एक तरी सुटलं 🙏