मदत हवी आहे: कालव्यावरच्या राहत्या बोटीला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

बर्मिंगहॅमला असतो. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कालव्यांवर राहणाऱ्या कुटुंबांवर लेख लिहितोय आणि शब्दांपाशी अडलोय.

तेव्हाचे आरोग्य निरीक्षक दुधाचे नमुने घेत (स्निग्धांश ३ टक्क्यांखाली गेला की दूध अस्सल नाही असंच धरायचं, पुढचं गवळ्याने सिद्ध करावं), खाटकांची दुकानं बघत, घरं तपासत आणि बोटीसुद्धा. राहत्या बोटीची नोंदणी १८७७ च्या कायद्यापासून सक्तीची. सत्तर फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद. पुढे कोळसा, मागे केबिन. केबिनमधली हवा मोजायची: बारा वर्षांवरच्या माणसाला ६० घनफूट, लहान मुलाला ४०. आईबाप आणि दोन पोरं म्हणजे २०० घनफूट. त्यातच चूल, त्यातच बिछाना.

वर आणखी एक नियम. नवराबायको झोपतात त्या केबिनमध्ये बारा वर्षांवरची मुलगी किंवा चौदावरचा मुलगा झोपायचा नाही. मागे दुसरी बिनइंजिनाची बोट बांधलेली असेल तर निभायचं. एकच बोट असेल तर लेकीने बारा ओलांडली की घरात कायदेभंग! आणि १९३५ च्या घरांच्या कायद्यात घरातली दाटी मोजताना दहा वर्षांखालचं मूल अर्धं माणूस, वर्षाखालचं तर मोजायचंच नाही. असो.

अशा अरुंद बोटीला, म्हणजे 'नॅरोबोट'ला, काय म्हणू? गलबत म्हटलं की शीड दिसतं, होडी फारच लहान वाटते. पडाव? मागे ओढत नेतात त्या 'बटी'ला काय? आणि निरीक्षकांच्या भाषेतला 'न्यूसन्स'? छत गळतंय, तळात घाण पाणी साचलंय, सगळं त्यातच. 'उपद्रव' लिहिलं तर शेजाऱ्याचा रेडिओ आठवतो.

प्रतिसाद १
पडाव बिनधास्त लिहा. आमच्या खाडीत चिरे नि कौलं पडावातूनच यायची. उपद्रवही राहू दे, आपल्या महापालिकांच्या कायद्यात तोच शब्द आहे. बटीला 'जोडपडाव' कसं वाटतं?

धागाकर्ता
जोडपडाव! घेतला. लेखातल्या थोरलीची झोपायची सोय झाली. फक्त मंडळातल्या विदर्भकरांसाठी पडाव म्हणजे मुक्काम नव्हे, अशी तळटीप द्यावी लागणार.