इंग्लंडमध्ये हौशी मासेमारी: रॉड लायसन्स नेमकं कुणाला लागतं?

काठावरचा
या उन्हाळ्यात मुलांना घेऊन गळ टाकायचा विचार आहे. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ११ वर्षांचा. जवळचं तळं खासगी आहे, तिथे दिवसाचं तिकीट मिळतं. तिकीट काढलं की रॉड लायसन्सची, म्हणजे काठीने मासे धरायच्या परवान्याची, गरज नाही ना? मे महिन्यात एखाद्या नदीवरही जाऊ म्हणतो.

कार्पकाका
गरज आहे. तिकीट म्हणजे तळ्याच्या मालकाची परवानगी, लायसन्स एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं. तळं खासगी असलं तरी दोन्ही हवीत. लायसन्स नसताना पकडलं गेलात तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

तुमच्या मुलाला लागत नाही. १३ वर्षांखालच्यांना सूट आहे. मुलीला लागतं. १३ ते १६ वयाला ते फुकट मिळतं, पण काढावं लागतं. फुकट आहे म्हणून न काढणारे पालक बरेच दिसतात. आणि मुलाच्या काठीने गळ तुम्हीच टाकत बसलात, तर मासेमारी तुमची धरली जाईल. तेव्हा स्वतःचंही काढा.

सरकारच्या गव्ह डॉट यूके या साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या काही खासगी साइट्स त्याच लायसन्सवर स्वतःचे पैसे चढवतात. कार्प, रोच, पर्च, टेंच हे 'कोर्स' मासे, म्हणजे सामन-ट्राउट सोडून गोड्या पाण्यातले मासे; त्यांसाठी 'ट्राउट अँड कोर्स' प्रकार घ्यायचा, दोन काठ्यांपर्यंतचा. तो १ दिवस, ८ दिवस किंवा १२ महिन्यांसाठी मिळतो. तीन काठ्यांचा फक्त १२ महिन्यांचाच असतो, तुम्हाला तो नको. बारा महिने निवडलेल्या तारखेपासून मोजतात. ३१ मार्चला सगळ्यांची मुदत एकदम संपायची ती पद्धत २०१७ मध्ये गेली.

रोचवाली
मे महिन्यात नदी विसरा. १५ मार्च ते १५ जून, दोन्ही दिवस धरून, नद्यांवर कोर्स मासे धरायला बंदी असते. लायसन्स खिशात असलं तरी. बहुतेक तळी आणि कालवे मात्र चालू असतात, म्हणून सुरुवात तळ्यापासूनच बरी.

नदीतले मासे घरी न्यायचे असतील तर रोजची मर्यादा ठरलेली आहे: २० सेंमीपर्यंतचे छोटे मासे १५, ६५ सेंमीपर्यंतचा पाइक १, आणि ३० ते ३८ सेंमीचे ग्रेलिंग २. ईल सापडला तर सोडूनच द्यायचा. तळ्यावर मालकाचे नियम वेगळे. काट्याला उलटा दात नसलेला गळच चालेल, जाळी त्यांचीच वापरा, असं बऱ्याच ठिकाणी पाटीवर लिहिलेलं असतं. तिकीट घेण्याआधी पाटी वाचा.

काठावरचा
आभारी आहे. समुद्रावर आणि स्कॉटलंडमध्ये हेच लायसन्स चालेल का?

कार्पकाका
समुद्रात काठीने मासे धरायला लायसन्स लागत नाही, अपवाद सामन आणि सी ट्राउट. स्कॉटलंडमध्ये रॉड लायसन्सची पद्धतच नाही, तिथे पाण्याच्या मालकाची परवानगी पुरते. फक्त बॉर्डर एस्क नदीवर इंग्लंडचं लायसन्स लागतं. वेल्समध्ये हेच चालतं, उत्तर आयर्लंडचं वेगळं आहे.

सामनचं लायसन्स पुढेमागे घेतलंत तर वर्षभराचा 'कॅच रिटर्न', म्हणजे किती मासे धरले याचा तपशील, पुढच्या १ जानेवारीपर्यंत भरावा लागतो, एकही मासा लागला नाही तरी.