दंड भरला म्हणजे नदी पूर्ववत झाली असे नाही
सांगलीजवळ कृष्णा नदीत प्रदूषणाने मासे मरून वर्ष उलटले, प्रदूषकाकडून दंडही वसूल झाला, तेव्हा आता कायद्याने करण्यासारखे काही उरले नाही, हे काहींचे म्हणणे मला मान्य नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० मधील कलम १४ खालील पर्यावरणविषयक वादाला सहा महिन्यांची मुदत आहे हे खरे. परंतु कलम १५ खाली पीडितांना भरपाई आणि बाधित क्षेत्रातील पर्यावरण पूर्वस्थितीत आणणे यांसाठी अर्ज करायला, दाव्याचे कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षे मिळतात. (न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यात असल्याने सांगलीकरांना दिल्ली गाठावी लागत नाही.)

खरी अडचण पुराव्याची आहे. हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमाजवळ मेलेले मासे काठाला लागले होते तेव्हा मी तिथे होतो. चार दिवसांनी वरून पाणी आले, नदी वरवर स्वच्छ दिसू लागली, पण काठाजवळ काठी खुपसली की काळाकुट्ट गाळ आणि मळीचा उग्र दर्प वर येत होता. पंचनाम्यात पाण्याच्या नमुन्यांची नोंद होती, गाळाची एका ओळीनेही नव्हती. शिवाय पर्यावरणाच्या हानीपोटी मंजूर झालेली रक्कम कलम २४ नुसार पर्यावरण मदत निधीत जमा होते, थेट आपल्या काठावर येत नाही. म्हणून अर्जात नुसता आकडा न मागता, गाळ काढणे, मत्स्यबीज सोडणे आणि त्यानंतरची नियमित तपासणी ही कामे प्रदूषकाच्या खर्चाने व ठरावीक मुदतीत व्हावीत, अशी स्पष्ट मागणी लिहावी.