होलोकॉस्टला मराठीत काय म्हणायचं? ‘आहुती’, ‘शिरकाण’, ‘छळछावणी’ आणि इतर शब्द

पोलंडमधल्या ज्यूंवरच्या एका लेखाचं मराठी करतेय. होलोकॉस्टला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लाखो ज्यूंना मारलं त्याला, मराठी शब्द हवाय. एकानं ‘शिरकाण’ सुचवला, आणि एका ठिकाणी ‘साठ लाख ज्यूंची आहुती’ असं वाचलं, ते कसंतरीच वाटलं. कॉन्सन्ट्रेशन कॅम्पला सरसकट छळछावणी म्हणतात ते बरोबर आहे का? आणि ज्यू लिहू की यहुदी?

प्रतिसाद:
आहुती अजिबात नको. होलोकॉस्ट हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ ‘पूर्ण जाळलेलं’, म्हणजे देवाला जे अख्खं जाळून अर्पण करायचे ते, मराठी बायबलात त्यालाच होमबली म्हटलंय. कितीतरी ज्यू लोकांना नेमकं हेच खटकतं, कारण अर्पण कुणी केलं आणि कुणाला? म्हणून हिब्रूत शोआ म्हणतात, म्हणजे महाअनर्थ, आणि यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणारे खुर्बन म्हणायचे, जो शब्द जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्यासाठी आधीपासून होता. इंग्रजीत होलोकॉस्ट आता इतका रुळलाय की वाचणाऱ्याच्या मनात अर्पण वगैरे येत नाही. पण आपल्याकडे आहुती म्हटलं की यज्ञकुंड आणि स्वाहा आलंच, वर देशासाठी प्राणांची आहुती देणारे हुतात्मे आठवतात, म्हणजे मेलेल्यांनी काहीतरी स्वखुशीनं दिलं असा अर्थ होतो. बलिदानाचंही तेच. ‘बळी गेले’ चालेल, बस दरीत कोसळली तरी आपण माणसं बळी गेली म्हणतो, त्यातला देव कधीच निघून गेलाय.

शिरकाण आणि कत्तल वाईट नाहीत पण त्यात तलवार दिसते, शहर पडलं, सैन्य चवताळलं, दोन दिवस रक्तपात झाला असं काहीतरी. युक्रेनमध्ये कीव्हजवळ बाबी यारला २९-३० सप्टेंबर १९४१ ला ३३,७७१ ज्यूंना दरीच्या काठावर नेऊन गोळ्या घातल्या त्याला कत्तल म्हण, हरकत नाही. पण सगळ्या घटनेला मिळून ते नाव पुरत नाही, कारण तिथे संताप नव्हता, कारभार होता. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनच्या वान्झे भागात १५ अधिकारी ज्यूंना संपवण्याची आखणी करायला बैठकीला बसले, त्या बैठकीचा कागद आजही वाचायला मिळतो. जर्मन रेल्वे ज्यूंना छावण्यांत नेण्याचं थर्ड क्लासचं भाडं लावायची, चार वर्षांखालची मुलं फुकट, दहापर्यंत अर्धं तिकीट, मोठ्या ग्रुपला सवलत, आणि ज्यूंचं भाडं एकेरी, पहाऱ्यावरच्या शिपायांचं मात्र जाऊन-येऊन. हे वाचल्यापासून मला शिरकाण लिहवत नाही.

छळछावणी: दाखाऊला बरोबर आहे. ती मार्च १९३३ मध्ये सुरू झाली, आधी कम्युनिस्ट, सोशलिस्ट असे राजकीय विरोधक कोंडले, मारहाण, उपासमार, राबवून घेणं, सगळं छळच. बर्गन-बेल्सनही त्यातच धर, डायरी लिहिणारी अॅन फ्रँक तिथेच वारली, तिथे गॅस चेंबर नव्हते, भूक आणि टायफसनं माणसं मेली. पण ट्रेब्लिंकाला छळछावणी म्हणू नकोस. तिथे कुणाला ठेवायचंच नव्हतं, कामाला ठेवलेले थोडे सोडले तर गाडीतनं उतरलेली माणसं दोन-तीन तासांत मारलेली असायची, जुलै १९४२ पासून वर्षभराच्या आसपास आठ-नऊ लाख माणसं. बेल्झेच, सोबिबोर, खेल्मनो याच प्रकारातले. यांना मृत्युछावणी किंवा संहारछावणी म्हण. आउशविट्झ दोन्ही होतं, त्यामुळे तिथे कुठल्या भागाबद्दल बोलतेयस ते बघून ठरव.

आता न विचारलेली पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. तुझ्या लेखात वॉर्सा असेल तर ‘स्थलांतर’, ‘पुनर्वसन’, ‘पूर्वेकडे रवानगी’ असले शब्द येणारच, कारण मूळ जर्मन कागदांत तेच आहेत. २२ जुलै १९४२ पासून तिथल्या घेट्टोतनं (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतनं) माणसं न्यायला लागले तेव्हा पुनर्वसन असंच जाहीर केलं होतं, आपणहून येणाऱ्याला तीन किलो पाव आणि एक किलो जॅम देऊ म्हणून सांगितलं, भुकेनं अर्धमेली माणसं त्यासाठी गेलीसुद्धा. दोन महिन्यांत अडीच लाखांच्या वर माणसं ट्रेब्लिंकाला नेली. त्याच कागदांतली ‘खास वागणूक’ म्हणजे ठार मारणं. १९४३ मध्ये एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याच्यासाठी कोर्हेर नावाच्या माणसानं आकडेवारीचा रिपोर्ट केला, त्यात हा शब्द आला तर हिमलरनं तोही काढायला लावला आणि त्याजागी माणसं छावण्यांमधनं ‘पुढे पाठवली’ अशी वाक्यं घालायला सांगितली. खुनी माणूस स्वतः बसून शब्द दुरुस्त करतोय. त्यामुळे हे शब्द आपल्या वाक्यात आपले म्हणून वापरू नकोस, अवतरणचिन्हात टाक आणि पुढच्याच वाक्यात काय झालं ते सांग. ‘तीन लाख ज्यूंचं स्थलांतर करण्यात आलं’ असं मराठीत मी छापलेलं वाचलंय, फार वाईट वाटलं.

ज्यू आणि यहुदी दोन्ही चालतं, एक निवड आणि शेवटपर्यंत तेच ठेव.

पुन्हा विचारतेय: मग नरसंहार लिहू की वंशसंहार? की एकच?

प्रतिसाद:
एक नाही. नरसंहार म्हणजे खूप माणसं मारली, ती कोण होती याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. जिनोसाइड हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलानं केला, १९४४ मध्ये छापून आला, ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून, कारण एखादा अख्खा समाजच नाहीसा करायचा या गुन्ह्याला तेव्हा कायद्यात नावच नव्हतं. त्याचे स्वतःचे आईवडील त्यातच मारले गेले. नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला खटला चालला, त्याच्या आरोपपत्रात तो शब्द आला पण निकालात नाही, मग लेमकिन संयुक्त राष्ट्रांच्या मागेच लागला आणि ९ डिसेंबर १९४८ ला जिनोसाइडविरोधी करार झाला. समाज संपवायचा हेतू हाच त्यातला मुख्य भाग, म्हणून वंशसंहार. शीर्षकात होलोकॉस्ट ठेव, लोकांना माहीत आहे, आत पहिल्यांदा येईल तिथे ‘ज्यूंचा वंशसंहार’ असं लिही आणि ज्यू लोक स्वतः शोआ म्हणतात हेही एका वाक्यात टाक.