गोव्याच्या पावसात टिकणारी स्टीलची फ्रेम: कुणाची घ्यावी?

बाणस्तारीमार्गे: फोंडा ते पणजी रोज सायकलने जायचं आहे, पावसाळ्यातही. उंची ५ फूट ५ इंच. मागच्या कॅरिअरवर ८-१० किलो सामान, मडगार्ड हवेतच, अधूनमधून चोर्ला घाट. छोट्या स्वतंत्र फ्रेमवाल्यांकडून नुसती फ्रेम आणि फोर्क मागवून बाकीचं इथे जोडून घेणार. रिव्हेंडेल, व्हेलो ऑरेंज, सोमा, थॉर्न ही चार नावं डोक्यात आहेत. कुठली घेऊ? रेनॉल्ड्स ८५३ या महागड्या पोलादी नळीसाठी जास्त पैसे मोजावेत का?

चिरेखाण: ८५३ साठी नको. ताठरपणा सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच. फ्रेम कडक वाटेल की लवचीक, ते नळीचा व्यास आणि जाडी ठरवते. ८५३ची ताकद जास्त, म्हणून नळी पातळ करता येते, एवढंच. सामान वाहणाऱ्या सायकलला टोकांना ०.९ आणि मधे ०.६ मिमीची साधी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) पुरे. क्रोमोलीही गंजते, आणि खाऱ्या हवेत पातळ नळी लवकर भोक पाडून घेते.

नावांबद्दल: थॉर्नची नोमॅड रोलॉफच्या १४ गिअरच्या हबसाठी (गिअर मागच्या चाकाच्या तुंब्यातच) बनवलेली, जगप्रवासाचं ओझं पेलणारी. तुमच्या १० किलोंना ती फार जड आणि महाग. रिव्हेंडेलचं लगचं (नळ्या जिथे जुळतात तिथल्या धातूच्या खोळींचं) काम देखणं, चेनस्टे (पेडलच्या अक्षापासून मागच्या चाकापर्यंतच्या नळ्या) लांब, त्यामुळे मागचं सामान स्थिर राहतं आणि टाच पिशवीला लागत नाही. पण ब्रेक रिमचेच, म्हणजे पॅड चाकाच्या कडेवर घासणारे. व्हेलो ऑरेंजची पॉलिव्हॅलंट डिस्क ब्रेकची आहे, मात्र तिचा ट्रेल (पुढचं चाक जमिनीला टेकतं ती जागा हँडलच्या अक्षरेषेच्या जितकी मागे, ते अंतर) कमी, म्हणजे ओझं पुढे ठेवण्यासाठी आखलेली. सगळं वजन मागे टाकलंत तर हळू चढताना हँडल भिरभिरतं. पिशवी पुढे घ्यायची तयारी असेल तर ती घ्या, नाहीतर सोमाची सागा, डिस्कवाली.

चढण_उतार: डिस्कचा आग्रह कशाला? व्ही-ब्रेकचे पॅड कुठल्याही गावात मिळतात.

चिरेखाण: मिळतात, पण पावसात जांभ्याचा लाल चिखल पॅडमध्ये रुततो आणि रिम कानशीसारखी घासून काढतो. पॅड बदलता येतो; रिम गेली की चाक नव्याने विणावं लागतं. केबलवर चालणारी डिस्क घ्या, केबलचं वेष्टण कॅलिपरपर्यंत अखंड ठेवा. हायड्रॉलिक गळायला लागली तर वाटेत काही करता येत नाही.

सुटेभाग: ऑर्डरआधी मापं लेखी मागवा. बॉटम ब्रॅकेट (पेडलचा अक्ष बसतो तो भाग) ६८ मिमी, इंग्लिश आट्यांचा; प्रेसफिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवलेला, नको. सीटपोस्ट (सीटची दांडी) २७.२ मिमी. मागचा हब १३५ मिमी क्विक रिलीज असेल तर सुटा हब सहज मिळेल. ४२चं टायर बसवून मडगार्डपर्यंत १२ मिमी जागा उरायला हवी, नाहीतर चिखल साचून चाक अडतं. टायर घेताना इंचावर जाऊ नका: पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचं २८ इंची टायर ६३५ मिमीचं असतं आणि ७००सीचं ६२२; एकमेकांवर बसत नाहीत. २६ इंचीतही ५५९, ५९० असे वेगवेगळे प्रकार आहेत. टायरच्या बाजूला छापलेला आकडा वाचा.

बाणस्तारीमार्गे: गंजाचं काय? फ्रेम पावडर कोटेड आहे.

चिरेखाण: पावडर बाहेरून. पाणी शिरतं सीटपोस्टच्या फटीतून आणि जमतं बॉटम ब्रॅकेटच्या पोटात. जोडणीआधी हे करा. आट्यांवर पावडर चढली असेल तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करा. बॉटम ब्रॅकेटच्या तळाला भोक नसेल तर ४ मिमीचं पाडून घ्या, आणि कडेच्या उघड्या धातूला रंग लावा. मग मोटारीच्या पोकळ भागांत मारतात ते मेणाचं स्प्रे सीट ट्यूब, हेड ट्यूब आणि स्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) बारीक भोकांतून आत सोडा. भोकांवर टेप लावून फ्रेम दर १५ मिनिटांनी वेगळ्या बाजूला उलटवा. शेवटी टेप काढून रात्रभर टांगा, निथळू द्या, आणि आट्यांवरचं मेण पुसा.

अळशीचं उकळलेलं तेलही चालतं, पण पावसाळी दमट हवेत वाळायला फार वेळ घेतं. त्याच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून टाका.

सीटपोस्ट अॅल्युमिनियमचा असतो. ग्रीस नसेल तर स्टीलमध्ये असा जाम होतो की कापूनच काढावा लागतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढा, पुसा, ग्रीस लावून परत घाला. फटीवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला की पाणी बरंच थांबतं.

सुटेभाग: तुमच्या उंचीला छोटी फ्रेम लागेल. ७००सी, जाड टायर आणि मडगार्ड एकत्र आले की वळताना बुटाचं टोक मडगार्डला लागतं. ६५०बी (७००सीपेक्षा लहान) किंवा २६ इंची चाकांची फ्रेम बघा. सागाच्या छोट्या मापाचं चाक कुठलं आणि बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून पुढच्या एक्सलपर्यंत अंतर किती, हे दोन्ही विक्रेत्याला विचारा. अंतर जितकं जास्त, तितका बूट लागण्याचा त्रास कमी.