शब्दचर्चा : 'व्हेटरन', 'वीरनारी' आणि युद्धातल्या स्त्रियांची नोकरी

जोडाक्षर
सैन्यातून निवृत्त होऊन लेखणी हाती घेतलेल्या अधिकाऱ्याने युद्धकाळातल्या स्त्रियांच्या कामगिरीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय आणि ते मराठीत आणायचंय, असं धरून चाला. पहिल्याच पानावर 'व्हेटरन' येतो. मग 'सर्व्हिस', 'कमिशन', 'फ्रंट', 'कॅज्युअल्टी'. मराठी शब्द सगळ्यांना आहेत, पण ते आधीच दुसऱ्या कुणाच्या घरी राहायला गेलेत. कुठे काय वापरावं? आणि शीर्षकात 'वीरनारी' चालेल का?

रफार
'वीरनारी' नको. लष्कराच्या आणि सरकारी भाषेत वीरनारी म्हणजे युद्धात किंवा लष्करी कारवाईत पती गमावलेली स्त्री. सत्कारांच्या पत्रिकांवर 'वीरमाता, वीरपिता, वीरनारी' असं एका ओळीत छापलेलं असतं. स्वतः गणवेश घातलेल्या डॉक्टरबद्दल हा शब्द वापरलात, तर वाचक तिच्या नवऱ्याला शोधत बसेल.

'वीरांगना' अर्थाने बसतो, पण छपाईत फार जपावं लागतं. 'वी'ची वेलांटी निसटून काना पडला की 'वारांगना' होतं, म्हणजे वेश्या. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी प्रणालीही अडवत नाही. पुस्तकात हा शब्द असेल तर शेवटच्या मुद्रितात 'वारांग' असा शोध घेऊन बघाच.

'रणरागिणी' वर्तमानपत्रांनी मोर्च्यांसाठी इतका वापरलाय की त्यातलं 'रण' आता ऐकू येत नाही. या तिन्हींवर माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. हे शब्द गौरव करतात, पण ती बाई काय काम करत होती ते सांगत नाहीत. टेलिफोन एक्सचेंजवर रात्रपाळी करणारी आणि शस्त्रक्रियागृहात उभी राहणारी, दोघी 'वीरांगना' झाल्या की त्यांच्यातला फरक पुसला जातो.

काना
मग 'सैनिका' का नको? लेखक-लेखिका, गायक-गायिका असतात, तसं सैनिक-सैनिका.

रफार
ती जोडी जुळत नाही. लेखक, गायक यांच्या शेवटी 'अक' आहे, म्हणून स्त्रीलिंगात 'इका' येतं. सैनिक हा सेना + इक. अशा शब्दांचं संस्कृतात स्त्रीलिंग ईकारान्त होतं, म्हणजे 'सैनिकी'. आणि मराठीत 'सैनिकी' हे विशेषण होऊन बसलंय: सैनिकी शाळा, सैनिकी शिस्त. त्यामुळे दोन्ही वाटा बंद. 'ती नागरिक', 'ती वैमानिक' म्हणतो तसं 'ती सैनिक' म्हणावं. कानाला आठवडाभर खटकेल, मग बसेल.

पायमोड
'व्हेटरन'बद्दल. सरकारी मराठीत त्याला 'माजी सैनिक' आहे. बोलताना आपण त्याचा अर्थ निवृत्त जवान एवढाच घेतो, पण सरकारी व्याख्येत कोणत्याही हुद्द्याची व्यक्ती येते, लढणारी असो वा नसो. म्हणजे अधिकारीही आल्या. तरी लेखकाच्या ओळखीत 'माजी कर्नल' लिहू नका. हुद्दा माजी होत नाही, माणूस निवृत्त होतो. 'कर्नल', मग नाव, मग कंसात 'निवृत्त' ही लष्करात रूढ पद्धत आहे.

अल्पसेवा कमिशनवाल्या, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच नेमलेल्या, अधिकाऱ्यांबाबत आणखी काळजी घ्या. त्यांची मुदत संपते तेव्हा त्या 'सेवामुक्त' होतात. निवृत्त म्हटलं की वाचक पेन्शन गृहीत धरतो, आणि स्त्रियांच्या स्थायी कमिशनचा (निवृत्तीच्या वयापर्यंतच्या नेमणुकीचा) सगळा झगडा त्याच मुद्द्याभोवती होता. वैद्यकीय आणि परिचर्या शाखा सोडून इतरत्र स्त्री अधिकारी १९९२ पासून आल्या त्या मुदतीच्या नेमणुकीवर. सर्वोच्च न्यायालयाचा स्थायी कमिशनचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० चा. मधल्या काळातल्या कुणालाही सरसकट 'निवृत्त' लिहिलं, तर पुस्तकाचा कणाच मोडतो.

'व्हेटरन' लाक्षणिक अर्थाने आला तर सोपं आहे: मुरलेला, कसलेला.

जोडाक्षर
आणि 'कमिशन'? 'तिला १९४३ मध्ये कमिशन मिळालं' हे वाक्य दलालीसारखं वाचलं जातं.

पायमोड
'तिची सैन्याधिकारी म्हणून नेमणूक झाली' असं उलगडून लिहा. पहिल्यांदा एवढं केलं की पुढे 'कमिशन' तसाच ठेवता येतो. १९४३ चं उदाहरण घेतलंत ते बरं झालं. त्याच वर्षीच्या वटहुकुमाने लष्करी परिचर्या सेवेतल्या स्त्रियांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. म्हणून त्या काळच्या कागदात 'सिस्टर' दिसलं की ते पद समजा. एका भाषांतरात 'सिस्टर' हे 'भगिनी' झालेलं आहे आणि पूर्ण प्रकरण मिशनऱ्यांबद्दल असल्यासारखं वाटतं. 'सिस्टर' हा शब्द मराठी दवाखान्यात रोज वापरला जातो, तो तसाच ठेवा.

'डिस्चार्ज'ही असाच फसवतो. परिचारिकेबद्दलच्या मजकुरात 'तिला डिस्चार्ज मिळाला' म्हटलं की ती स्वतः रुग्ण होती असं वाटतं. तिथे 'सेवामुक्त झाली'.

अनुस्वार
दुसऱ्या महायुद्धातल्या हुद्द्यांसाठी तक्ता हाताशी ठेवाच. विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया) १९४२ मध्ये उभी राहिली. तिच्यात ब्रिटिश स्त्री-दलाचे हुद्दे चालत, पुरुषांचे नव्हेत:

सबाल्टर्न = लेफ्टनंट
ज्युनिअर कमांडर = कॅप्टन
सीनिअर कमांडर = मेजर
चीफ कमांडर = लेफ्टनंट कर्नल

इथे दोन खड्डे आहेत. 'कमांडर' दिसला की भाषांतरकार तिला नौदलात टाकतो. आणि 'सबाल्टर्न' दिसला की समाजशास्त्र शिकलेला माणूस 'वंचित' लिहितो. पहिल्या उल्लेखाला मूळ हुद्दा आणि कंसात 'म्हणजे कॅप्टनच्या बरोबरीचा' असं द्यावं.

त्याच दलाच्या नावातल्या 'ऑक्झिलरी'साठी 'सहायक' किंवा 'साहाय्यक' लिहा. 'सहाय्यक' हे दोहोंची खिचडी आहे, चूकच.

'प्लॅटून'ला पलटण करू नका. प्लॅटून तिशीतल्या संख्येची; पलटण म्हणताना सैनिकाच्या डोळ्यासमोर आठशेच्या आसपासची बटालियन असते.

'फ्रंट'ला 'आघाडी' बरोबर आहे, पण 'महिला' शब्दाच्या शेजारी तो आला की पक्षाची महिला आघाडी होते. 'आघाडीवरच्या स्त्रिया' असा क्रम ठेवा.

काना
कॅज्युअल्टी = मृत?

अनुस्वार
नाही. लष्करी अहवालात त्यात मेलेले, जखमी आणि बेपत्ताही येतात. 'हताहत' जवळचा आहे: हत म्हणजे मारले गेलेले, आहत म्हणजे जखमी. बेपत्ता त्यात येत नाहीत, ते वेगळे लिहावेत. 'जीवितहानी' फक्त मृत्यूंसाठी. इस्पितळाच्या प्रकरणात ही चूक झाली की आकडा वेडावाकडा होतो: शंभर कॅज्युअल्टी आल्या, सत्तर बऱ्या होऊन परतल्या, असं मूळात असतं आणि मराठीत सत्तर मेलेले चालत जातात.

रफार
'लढाऊ वैमानिक'ही तपासा. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर उडवलं. चीता हे हलकं हेलिकॉप्टर, काम जखमींना हलवण्याचं, सामान पोचवण्याचं, टेहळणीचं. 'युद्धक्षेत्रात उड्डाणं केलेल्या वैमानिक' हे अचूक. हवाई दलाच्या पहिल्या तीन स्त्री लढाऊ वैमानिक २०१६ मध्ये रुजू झाल्या. दोन्ही कामं मोठी आहेत, पण एकीचं बिरूद दुसरीला लावलं की दोघींवर अन्याय होतो.

'वॉरटाइम सर्व्हिस'ला 'युद्धकालीन सेवा' म्हणा. 'युद्ध सेवा' हे पदकाचं नाव आहे. संवादात मात्र 'ती मिलिटरीत होती', 'नोकरी केली' हेच खरं वाटतं. 'सेवा'मुळे पगार आणि हुद्दा असलेलं काम धर्मादाय वाटू लागतं.

जोडाक्षर
शेवटची अडचण. इंग्रजीत 'शी' आणि 'हर'मुळे स्त्री दिसत राहते. मराठीत हुद्दा लिहिला की ती नाहीशी होते. 'महिला कॅप्टन' प्रत्येक वेळी लिहायचं का?

अनुस्वार
नाही, क्रियापदाकडून काम करून घ्या. हे बघा:

'कॅप्टनने दिवा जवळ ओढला, जखमेतला गॉजचा बोळा काढला आणि नवा भरला.'

'ने' लागल्यामुळे क्रियापद दिव्यामागे आणि बोळ्यामागे गेलं, कॅप्टन कोण ते कळेना. आता हे:

'कॅप्टन आत आल्या. दिवा जवळ ओढला, जखमेतला गॉजचा बोळा काढला आणि नवा भरला.'

परिच्छेदातलं पहिलं क्रियापद 'येणं, उठणं, बसणं, थांबणं' यांपैकी ठेवलं की लिंग कळतं आणि पुढची चार वाक्यं तेवढ्यावर निभावतात.

आणि 'आली' की 'आल्या', हे पुरुष अधिकाऱ्यांवरून ठरवा. त्याच पानावर 'मेजर उठला' असेल तर 'कॅप्टन आली'. 'मेजर उठले' असेल तर 'कॅप्टन आल्या'.